स्थलांतरित खेळाडूची वाट : पेण-रोह्याचे बेने इस्राएल आणि मेतुलाचे बर्फ

गावाच्या नावास ‘कर’ हा प्रत्यय लागून बनलेली आडनावे महाराष्ट्रास नवीन नाहीत. परंतु पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नागावकर अशी आडनावे जेव्हा इस्रायलमधील लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा आणि दिमोना या शहरांत आढळतात, तेव्हा त्यांच्यामागे रायगड जिल्ह्यातून (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातून) निघालेल्या एका छोट्या समाजाचा दीर्घ प्रवास उभा असतो. यांपैकी काही आडनावे इस्रायलच्या क्रिकेट संघाच्या यादीतही वाचावयास मिळतात. त्याच देशाच्या उत्तर सीमेवर, मेतुला या गावी, बर्फाचे एक क्रीडागृह आहे. तेथे खेळू लागलेला आणखी एक स्थलांतरित खेळाडू स्पीड स्केटिंग या खेळात युरोपीय विजेतेपदापर्यंत पोहोचला.

एकाच देशात, एकाच कायद्याखाली नागरिक झालेल्या स्थलांतरितांच्या या दोन वाटा परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. ही भिन्नता कशामुळे निर्माण होते, आणि स्थलांतरिताने नव्या देशाचे प्रतिनिधित्व करणे या घटनेतून समाजशास्त्राच्या अभ्यासकाने नेमके कोणते अनुमान काढावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. गावाचे नाव आणि दोन स्थलांतरे

बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि त्यांतून सात जोडपी वाचली. या कथेचा काळ निश्चित करता येत नाही. तथापि, पुढील इतिहास पुष्कळ स्पष्ट आहे. हा समाज कुलाबा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पसरला, तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाऊ लागला. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. पेण, रोहे आणि कुंडलिका नदीपलीकडील अष्टमी ही त्यांच्या वस्तीची ठळक ठिकाणे होत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पेणमध्ये राहणाऱ्या मनुष्यास ‘पेणकर’ या नावाचा फारसा उपयोग नसतो. ते नाव पेण सोडलेल्या मनुष्यास उपयोगी पडते. म्हणजे ही आडनावे जितकी वस्तीची, तितकीच निर्गमनाचीही निदर्शक आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या समाजातील कुटुंबे मुंबईस जाऊ लागली. कंपनी सरकारच्या पलटणी, आणि पुढे रेल्वे, गोदी व सरकारी कचेऱ्या यांत त्यांना काम मिळाले. १७९६ साली सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. याच किहीमकरांनी समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला. तो मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

कोकणातून मुंबईस हे पहिले स्थलांतर होय. दुसरे स्थलांतर १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर सुरू झाले. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातील कोणत्याही ज्यू व्यक्तीस इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला आणि १९५२ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्या हक्कास नागरिकत्वाची जोड मिळाली. कायद्याच्या दृष्टीने पाहता पेण-रोह्याच्या वंशजास नव्या देशात परका राहण्याचे कारण उरले नाही.

वस्तुस्थिती इतकी सरळ नव्हती. १९५१-५२ मध्येच काही बेने इस्राएल कुटुंबांनी तेल अवीव येथे धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि त्यांतील काहींना परत पाठविण्यात आले. पुढे १९६२ च्या सुमारास विवाहाच्या बाबतीत या समाजाच्या वंशशुद्धतेविषयी तेथील धर्मपीठाने चौकशीची अट घातली, त्यामुळे मोठा प्रक्षोभ झाला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे नि:संदिग्धपणे सांगितले. नागरिकत्व मिळणे आणि आपलेपणाने स्वीकारले जाणे यांत किती अंतर असू शकते, हे या बारा वर्षांच्या घटनाक्रमावरून ध्यानात येते.

२. सोबत नेलेला खेळ

मुंबईच्या वास्तव्यात या समाजाने इतर अनेक गोष्टींबरोबर क्रिकेटही आत्मसात केले. मुंबईतील क्रिकेट त्या काळी धर्मवार संघांत विभागलेले होते. १९३७ पासून चौरंगी सामन्यांचे पंचरंगी सामने झाले, तेव्हा पाचवा संघ म्हणून जो घेण्यात आला त्याचे नावच ‘इतर’ असे होते. ख्रिस्ती, ज्यू इत्यादी अल्पसंख्य समाजांतील खेळाडूंची गणना या ‘इतरां’त होई. याच बेने इस्राएल समाजातील ज्यूडा रूबेन यांनी पुढे १९६९ ते १९७७ या काळात दहा कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केले. सारांश, या समाजाचा क्रिकेटशी असलेला संबंध केवळ प्रेक्षकाचा नव्हता.

इस्रायलला गेलेल्या कुटुंबांनी हा खेळ सोबत नेला. तेथे ब्रिटिश अंमलाच्या काळात क्रिकेट थोडेफार खेळले जात असे. परंतु त्यास स्थिर आधार मिळाला तो भारत, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड येथून आलेल्या स्थलांतरितांमुळे. १९६८ साली इस्रायलमध्ये क्रिकेट संघटना स्थापन झाली. १९७४ साली ती आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची सहसदस्य झाली. १९७९ मध्ये सहसदस्य देशांसाठी इंग्लंडमध्ये भरलेल्या पहिल्या आय.सी.सी. चषक स्पर्धेत इस्रायलचा संघ उतरला, आणि तेव्हापासून २००१ पर्यंतच्या सातही स्पर्धांत त्याने भाग घेतला. यश बेताचेच मिळाले. १९७९ च्या स्पर्धेत श्रीलंकेने राजकीय कारणास्तव इस्रायलविरुद्ध खेळण्याचे नाकारले; १९९७ मध्ये क्वालालंपूर येथे या संघाच्या उपस्थितीविरुद्ध निदर्शने झाली. ज्यांच्या आईबापांना वीस वर्षांपूर्वी ‘तुम्ही खरोखर आमचे आहात काय?’ या प्रश्नास तोंड द्यावे लागले, त्यांच्यावर आता त्याच देशाचे प्रतिनिधी म्हणून बहिष्काराचा प्रसंग आला.

क्रिकेटच्या या वाटेची लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील. हा खेळ व्यक्तीने नव्हे, तर समाजाने नेला. त्यास विशेष खर्चाची जागा लागत नाही. मोकळे पटांगण आणि खेळपट्टीपुरती चटई एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. बाप, मुलगा, शेजारी, भाचा असे मिळून संघ पुरा होतो. म्हणून जेथे या समाजाची वस्ती, तेथे क्रिकेट, असा सामान्य नियम दिसतो. परंतु याच लक्षणांत त्याची मर्यादाही आहे. यजमान समाज हा खेळ पाहत नाही, शाळांतून तो शिकविला जात नाही आणि त्यावर शासनाचे द्रव्य फारसे खर्च होत नाही. परिणामी देशाचे प्रतिनिधित्व तुलनेने सुलभ होते, पण अव्वल दर्जा गाठता येत नाही.

३. बर्फाची अट

याच्या अगदी उलट स्वरूपाचा खेळ म्हणजे स्पीड स्केटिंग. तो कसा चालतो, हे थोडक्यात पाहिल्यावाचून स्थलांतरित खेळाडूची अडचण कळणार नाही.

या खेळाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रकारात, ४०० मीटरच्या लंबवर्तुळाकार बर्फाच्या मार्गावर दोन-दोन खेळाडू धावतात, आणि निर्णय घड्याळावरून होतो. दुसरा प्रकार शॉर्ट ट्रॅक. त्याचा मार्ग केवळ १११.१२ मीटरचा असून तो ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा बर्फावर आखला जातो. एका वेळी चार ते सहा, कधी त्याहूनही अधिक, खेळाडू सुटतात, आणि प्रथम कोण पोहोचला यावर निकाल ठरतो. १९८८ मध्ये कॅलगरी येथे तो प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला आणि १९९२ पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यास पदके मिळू लागली.

या मोजमापांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ६० × ३० मीटर हे आइस हॉकीच्या सर्वसामान्य क्रीडागृहाचे माप आहे. म्हणून ज्या उष्ण देशात हॉकीसाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेले एखादेच क्रीडागृह आहे, त्या देशातही शॉर्ट ट्रॅकचा खेळाडू निर्माण होऊ शकतो. लांब पल्ल्याचा होणे मात्र जवळजवळ अशक्य. तथापि, शॉर्ट ट्रॅकमध्ये दुसरी अट उत्पन्न होते. प्रतिस्पर्ध्याच्या मागे राहून वाऱ्याचा रोध चुकविणे, वळणावर आतून किंवा बाहेरून पुढे जाणे, गर्दीत तोल सांभाळणे ही कौशल्ये एकट्याने शिकता येत नाहीत; त्यांसाठी आपल्याइतके किंवा आपल्याहून वेगवान सोबती रोज सरावास असावे लागतात. बर्फ एका क्रीडागृहात मिळेल. सोबती मिळतीलच असे नाही.

४. तेथे सापडलेला खेळ

मेतुला हे लेबनॉनच्या सीमेलगतचे गाव. तेथील ‘कॅनडा सेंटर’ या क्रीडासंकुलात पूर्ण मापाचे बर्फाचे क्रीडागृह आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या सुमारास इस्रायलमध्ये जे प्रचंड स्थलांतर झाले, त्याबरोबर बर्फावरील खेळांची परंपरा असलेली कुटुंबेही आली. मूळच्या युक्रेनमधील ओल्गा डॅनिलॉव यांनी २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये शॉर्ट ट्रॅक प्रकारात इस्रायलतर्फे भाग घेतला.

व्लादिस्लाव बिकानॉव यांची वाटचाल याहून अधिक बोधप्रद आहे. त्यांचा जन्म १९८९ साली ल्विव येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह इस्रायलला आले आणि किर्यात श्मोना या उत्तरेकडील शहरात वाढले. हे शहर मेतुलापासून जवळ आहे; बिकानॉव यांच्या कारकिर्दीचा पहिला खुलासा या भौगोलिक योगायोगात आहे. तेच कुटुंब दक्षिणेत दिमोना किंवा बीरशेबा येथे स्थायिक झाले असते, तर त्यांच्या पायांतील वेग बर्फावर कधी प्रकट झाला असता की नाही, याची शंकाच आहे. परंतु मेतुला येथे त्यांना बर्फ मिळाले, तोडीचे सोबती नव्हे. त्यामुळे तरुणपणी त्यांना नेदरलँड्समधील हेरेनवेन या स्केटिंगच्या केंद्रात जाऊन सराव करावा लागला. २०१४ च्या सोची ऑलिंपिकच्या उद्घाटनप्रसंगी इस्रायलचा ध्वज त्यांच्या हाती होता. २०१५ मध्ये डॉर्डरेख्त येथील युरोपीय स्पर्धेत त्यांनी ३००० मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पुढे २०१८ आणि २०२२ च्या ऑलिंपिक स्पर्धांतही ते उतरले.

म्हणजे एका देशात जन्म, दुसऱ्याचे नागरिकत्व आणि तिसऱ्यात सराव, अशी ही त्रिस्थळी आहे. अमेरिकेसारख्या मोठ्या देशात हीच त्रिस्थळी एका सीमेच्या आत सामावते. घानाची राजधानी अक्रा येथे २००० साली जन्मलेली मामे बायनी पाच वर्षांची असताना अमेरिकेत वडिलांकडे आली. व्हर्जिनियातील रेस्टन येथे स्केटिंग शिकविण्याच्या वर्गाची पाटी वडिलांच्या दृष्टीस पडली, आणि मुलीस तेथे घालण्यात आले. प्रथम ती नृत्यात्मक स्केटिंग शिकू लागली. परंतु तिचा वेग पाहून शिक्षकांनी तिला स्पीड स्केटिंगकडे वळविले. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या शॉर्ट ट्रॅक संघात निवड झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय. पुढील सरावासाठी तिलाही घर सोडून यूटा राज्यात जावे लागले. पण देश सोडावा लागला नाही. दोन्ही उदाहरणांत खेळ मायदेशाहून संघरूपाने आलेला नाही. तो नव्या घराच्या शेजारी सापडला, आणि सापडताच त्याने खेळाडूस स्वतःच्या लोकांपासून दूर नेले.

५. पात्रतेचा प्रश्न

बालवयात आलेल्या खेळाडूस नव्या देशाकडून खेळताना नियमांची अडचण सहसा पडत नाही. प्रौढ खेळाडूची गोष्ट वेगळी. ऑलिंपिक सनदेनुसार, एका देशाचे प्रतिनिधित्व करून नंतर नागरिकत्व बदललेल्या खेळाडूस नव्या देशातर्फे उतरण्यापूर्वी सामान्यतः तीन वर्षे थांबावे लागते. संबंधित देशांच्या समित्या व त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना यांची संमती असल्यास ही मुदत कमी होऊ शकते. दक्षिण कोरियाच्या आन ह्यून-सू यांनी २००६ मध्ये ट्युरिन येथे शॉर्ट ट्रॅकची तीन सुवर्णपदके मिळविली. त्यानंतर दुखापत झाली, राष्ट्रीय संघटनेशी बिनसले, २०१० च्या संघात स्थान मिळाले नाही, आणि २०११ मध्ये त्यांनी रशियाचे नागरिकत्व घेतले. २०१४ मध्ये सोची येथे व्हिक्टर आन या नावाने त्यांनी रशियासाठी पुन्हा तीन सुवर्णपदके जिंकली. येथे स्थलांतर आधी आणि खेळ नंतर हा क्रम उलटला आहे. खेळासाठीच स्थलांतर घडले. पेण-रोह्याच्या कुटुंबांच्या स्थलांतराशी या प्रकाराची गल्लत करणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे ठरेल.

६. नागरिकत्व न बदलता होणारे स्थलांतर

भारतातील स्पीड स्केटिंगचा अनुभव या विवेचनास पूरक आहे. पुण्याच्या श्रुती कोतवाल या बर्फावरील स्पीड स्केटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरलेल्या पहिल्या भारतीय महिला म्हणून ओळखल्या जातात. त्यांचा आरंभ चाकांच्या स्केटवर झाला. गुजरातचे विश्वराज जडेजा यांनी सरावासाठी नेदरलँड्सचा आश्रय घेतला. दोघेही भारतीयच राहिले. परंतु बर्फासाठी त्यांना देशाबाहेर जावे लागले. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने डेहराडून येथे बर्फाचे क्रीडागृह उभारण्यात आले होते, पण ते पुढे अनेक वर्षे बंद राहिले आणि २०२५ मध्ये पुन्हा वापरात आले. यावरून असे दिसते की, बर्फाच्या खेळात खेळाडू अर्धा स्थलांतरित असतोच. नागरिकत्व बदलो वा न बदलो, क्रीडागृहाच्या मागे त्याला जावेच लागते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून स्थलांतरित खेळाडूच्या मार्गात तीन द्वारे असतात असे म्हणता येईल. पहिले नागरिकत्वाचे, दुसरे जागेचे आणि तिसरे सोबत्यांचे व संघटनेचे. पहिले द्वार कायद्याने एका दिवसात उघडता येते. बेने इस्राएल आणि बिकानॉव कुटुंब या दोघांसाठी ते एकाच कायद्याने उघडले. उरलेली दोन द्वारे कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. क्रिकेट नेणाऱ्या समाजाजवळ सोबती होते आणि जागा कोठेही होऊ शकत होती. म्हणून तो समाज एकत्र राहून देशाचा प्रतिनिधी झाला, परंतु अव्वल दर्जापर्यंत गेला नाही. बर्फावरील खेळाडूस जागा योगायोगाने लाभली आणि सोबत्यांसाठी परदेशी जावे लागले. तो अव्वल दर्जास पोहोचला, परंतु एकटा.

यातून एक सावधगिरीही निष्पन्न होते. स्थलांतरिताच्या छातीवर नव्या देशाचे चिन्ह दिसताच त्याचे त्या समाजात सामीलीकरण पूर्ण झाले, असा निष्कर्ष काढण्याकडे सर्वसामान्य कल असतो. बेने इस्राएलांचे उदाहरण या निष्कर्षास पुष्टी देत नाही. त्यांच्या ज्यूपणाविषयीची शंका १९६४ मध्ये दूर झाली ती चळवळ आणि संसदेचा ठराव यांच्या योगाने. तेव्हा क्रिकेट संघटना स्थापनही झालेली नव्हती. क्रिकेटने त्यांना यजमान समाजाकडे नेले असे म्हणण्यापेक्षा, त्या समाजात राहूनही मुंबई आणि कोकण यांच्याशी असलेला धागा राखण्यास त्याने मदत केली, असे म्हणणे अधिक युक्त होईल. प्रतिनिधित्व हा सामीलीकरणाचा पुरावा नव्हे. कित्येकदा ते आपले वेगळेपण सांभाळण्याचेही साधन असते.

पेण आणि रोहे येथील या समाजाची वस्ती आता अत्यंत विरळ झाली आहे. तेथून गेलेल्यांचा मागोवा घेताना अभ्यासक सामान्यतः जमिनीची दप्तरे, विवाहाच्या नोंदी आणि दफनभूमीतील शिलालेख पाहतात. त्यांच्या जोडीला क्रिकेट सामन्यांच्या धावपत्रिकाही पाहावयास हरकत नाही. ज्या नावांची गावे कोकणात मागे राहिली, ती नावे फलंदाजांच्या यादीत एकाखाली एक अशी त्या कागदांवर नोंदलेली सापडतात.